साखळी, हातचिठ्ठी आणि वहिवाट: लिंकन वकील कसा झाला, पुढारी कसा झाला

मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांची अब्राहम लिंकनशी पहिली भेट भिंतीवर होते. त्यानं मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं म्हणून सांगितलं जाणारं पत्र तिथे फ्रेम करून लावलेलं असतं. आमच्या शाळेत ते मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर होतं. उभ्या उभ्या मी ते इतक्यांदा वाचलं, की अजून त्यातल्या ओळी आठवतात. हे पत्र लिंकनच्या कागदपत्रांत कुठेच सापडत नाही, हे मोठेपणी कळलं. मजकूर सुंदर आहे, पण तो त्याचा असल्याचा पुरावा नाही.

त्याच्या हातचे खरे कागद मात्र ढिगानं आहेत आणि त्यातले बरेचसे कोर्टाचे आहेत: दावे, कैफियती, अर्ज. जवळपास पाव शतकाच्या वकिलीत त्यानं आणि त्याच्या भागीदारांनी पाच हजारांहून जास्त प्रकरणं हाताळली. त्यातली निम्म्याहून अधिक देण्याघेण्याची होती. राष्ट्राध्यक्ष लिंकनबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीच्या लिंकनबद्दल, साधारण १८३१ ते १८४९ या काळातल्या. जमिनीची हद्द, उधारीची चिठ्ठी आणि कब्जा या तीन गोष्टींत हा माणूस वाढला. पुढे गुलामगिरी आणि युद्ध हे प्रश्न समोर आले तेव्हाही तो त्यांच्याकडे आधी याच वाटेनं गेला.

आता तो मुलूख समजून घेऊ. इंग्रजीत त्याला फ्रंटियर म्हणतात. आपण सरहद्द म्हटलं की दोन देशांमधली रेघ डोळ्यांपुढे येते. अमेरिकेतली फ्रंटियर म्हणजे रेघ नव्हे. मूळच्या जमातींना मागे रेटत गोऱ्यांची वसाहत जिथवर पोचली होती, तो दरवर्षी पश्चिमेला सरकणारा पट्टा म्हणजे फ्रंटियर. इलिनॉय १८१८ साली राज्य झालं. १८३० साली तिथे सुमारे १ लाख ५७ हजार माणसं होती, १८४० साली ४ लाख ७६ हजार. दहा वर्षांत तिप्पट. एवढी माणसं येतात तेव्हा पहिला प्रश्न एकच असतो, ही जमीन कोणाची?

लिंकनच्या घरानं याची झळ सोसली होती. त्याचा जन्म १८०९ चा, केंटकीतला. तिथे जमिनीची मोजणी धड झालेलीच नव्हती. अमुक ओकच्या झाडापासून तमुक ओढ्यापर्यंत अशा हद्दी लिहायच्या. झाड पडलं, ओढ्यानं पात्र बदललं, की भांडण. एकाच तुकड्यावर दोघातिघांचे कागद असायचे. त्याच्या वडिलांनी या गोंधळात जमीन आणि पैसा घालवला आणि १८१६ साली कुटुंब इंडियानात गेलं. लिंकननं पुढे लिहून ठेवलं आहे, की हे स्थलांतर काही अंशी गुलामगिरीमुळे, पण मुख्यतः जमिनीच्या हक्काच्या अडचणींमुळे झालं.

ओहायो नदीच्या उत्तरेकडच्या नव्या मुलखात सरकारनं शहाणपण केलं. १७८५ च्या कायद्यानं तिथली जमीन विकण्याआधी मोजायची ठरवली. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असे चौकोन, त्यांचे प्रत्येकी ३६ भाग, आणि एकेक भाग ६४० एकरांचा. १८२० पासून किमान भाव एकरी सव्वा डॉलर. मोजायचं साधन म्हणजे ६६ फुटांची, शंभर कड्यांची लोखंडी साखळी. इथे आपल्याला एक ओळखीची गोष्ट भेटते. आपला गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. तिकडची एक चौरस साखळी म्हणजे बरोबर चार गुंठे, आणि अशा दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर, आपले चाळीस गुंठे. दोन्हीकडे माप इंग्रजी एकरावरच बसवलेलं आहे. त्यामुळे लिंकन साखळी ओढत चिखलातून चालला असेल ते चित्र आपल्याकडच्या मोजणीच्या दिवसापेक्षा फार वेगळं नसावं.

कारण तो खरोखरच मोजणीदार होता. १८३१ साली न्यू ऑर्लिन्सला माल नेताना त्याचा सपाट तळाचा तराफा सँगमन नदीवर न्यू सेलम गावाच्या गिरणीच्या बंधाऱ्यावर अडकला. बाविशीतल्या या उंच पोरानं माल हलवून, तळाला भोक पाडून आत शिरलेलं पाणी बाहेर काढलं आणि तराफा सोडवला. नंतर तो त्याच गावात राहायला आला. आधी दुकानात नोकर झाला, मग भागीदारीत स्वतःचं दुकान काढलं. शाळेत तो उभ्या आयुष्यात सगळं मिळून वर्षभरही गेला नव्हता.

आता उधारी. या मुलखात रोकड फार कमी. व्यवहार चालायचे ते हातचिठ्ठ्यांवर: अमुक तारखेला इतके डॉलर देईन, खाली सही. ही चिठ्ठी घेणारा ती पाठीमागे सही करून तिसऱ्याला द्यायचा, तिसरा चौथ्याला. म्हणजे चिठ्ठीच नोटेसारखी फिरायची. चिठ्ठी ज्याच्या हातात, तो वसुलीचा धनी. साखळीतला एक माणूस बुडाला की त्याच्या मागचे सगळे हलायचे. लिंकन आणि त्याच्या भागीदारानं दुकानाचा माल असाच चिठ्ठ्यांवर घेतला होता. दुकान बुडालं, १८३५ साली भागीदारही वारला, आणि सुमारे ११०० डॉलरचा बोजा लिंकनच्या डोक्यावर आला. तो त्याला आपलं ‘राष्ट्रीय कर्ज’ म्हणायचा. फेडायला कित्येक वर्षं लागली.

पोटासाठी तेव्हा त्याच्याकडे दोन कामं होती. एक गावचं पोस्ट, १८३३ पासून. दुसरं मोजणीचं. पोस्टाचं उत्पन्न जेमतेम, मोजणीत मात्र बऱ्यापैकी पैसे मिळत. त्यासाठी त्यानं उधारीवर घोडा, कंपास आणि साखळी घेतली होती. एका धनकोनं वसुलीचा हुकूमनामा मिळवला, जप्ती आली आणि घोडा, खोगीर, लगाम, मोजणीचं सामान सगळं लिलावात निघालं. रोजीरोटीच गेली. जेम्स शॉर्ट नावाच्या शेजाऱ्यानं लिलावात ते सगळं विकत घेतलं आणि गुपचूप लिंकनला परत देऊन टाकलं. मला या माणसाच्या चरित्रातला हा क्षण फार मोलाचा वाटतो. आयुष्यभर ज्यानं दुसऱ्यांसाठी वसुलीचे दावे लावले आणि लढवले, त्याला जप्ती म्हणजे काय हे आतून माहीत होतं.

राजकारणाची पायरी याच गावात होती. तेव्हा इलिनॉयमध्ये मतदान तोंडी व्हायचं. मतदार कारकुनांसमोर उभा राहायचा आणि सगळ्यांच्या देखत उमेदवाराचं नाव घ्यायचा. मत फक्त गोऱ्या पुरुषांना. अशा ठिकाणी पक्षापेक्षा ओळख जास्त चालते. १८३२ साली तेवीस वर्षांचा लिंकन राज्याच्या विधानसभेला उभा राहिला. त्याचा जाहीरनामा स्थानिक गरजांचा होता: सँगमन नदी बोटींसाठी मोकळी करा, भरमसाट व्याजाला आळा घाला, शिक्षण वाढवा. मध्येच ब्लॅक हॉक या सॉक जमातीच्या नेत्याविरुद्धच्या युद्धासाठी स्वयंसेवक उभे राहिले. त्यात लिंकन गेला आणि सोबत्यांनी त्याला कॅप्टन निवडलं. लढाई त्याच्या वाट्याला आली नाही, प्रचारालाही वेळ उरला नाही. तेरा उमेदवारांत आठवा आला आणि पडला. पण न्यू सेलमच्या ३०० मतांपैकी २७७ त्याला पडली होती. पुढच्या दोन वर्षांत पोस्टमनकी आणि मोजणीच्या निमित्तानं तो परगणाभर फिरला. १८३४ साली निवडून आला.

त्याला वकिलीकडे वळवलं ते जॉन स्टुअर्ट या सहकारी आमदारानं. स्टुअर्ट स्प्रिंगफील्डचा वकील. त्यानं पुस्तकं उसनी दिली. ती आणायला लिंकन न्यू सेलमहून वीसेक मैलांवरच्या स्प्रिंगफील्डला जायचा. त्या भागात तेव्हा कायद्याचं कॉलेज वगैरे काही नव्हतं. बहुतेक जण एखाद्या वकिलाच्या कचेरीत उमेदवारी करत शिकायचे. लिंकननं तेही केलं नाही. स्वतःबद्दल तृतीयपुरुषी लिहिताना त्यानं एवढंच म्हटलं, ‘तो कोणाकडेही शिकला नाही.’ मुख्य पुस्तक म्हणजे इंग्रज न्यायाधीश ब्लॅकस्टोनचे ग्रंथ. चांगल्या चारित्र्याचा दाखला मार्च १८३६ मध्ये मिळाला, सप्टेंबरमध्ये परवाना. इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाच्या वकिलांच्या पटावर नाव चढलं, म्हणजे आपल्या भाषेत सनद पक्की झाली, ती १ मार्च १८३७ रोजी.

ही तारीख लक्षात ठेवावी, कारण तिच्या आसपासच्या पाच दिवसांत सगळा तरुण लिंकन दिसतो.

२७ फेब्रुवारीला राज्यात रेल्वे, कालवे आणि रस्ते बांधायचा मोठा कायदा झाला. सुमारे एक कोटी डॉलरचं काम, तेही कर्ज काढून. लिंकन त्याचा कट्टर पाठीराखा. दुसऱ्या दिवशी, २८ तारखेला, राजधानी व्हँडेलियाहून स्प्रिंगफील्डला हलवायचं ठरलं. हे घडवून आणलं सँगमन परगण्याच्या नऊ प्रतिनिधींनी. सगळे इतके उंच, की त्यांची उंची मिळून ५४ फूट भरायची. त्यांना ‘लाँग नाइन’ म्हणायचे आणि लिंकन त्यांचा म्होरक्या. दोन्ही निर्णयांमागे एकच देवघेव असल्याचा आरोप झाला. तुमच्या गावाला रेल्वे देणाऱ्या कायद्याला आमची मतं, आमच्या राजधानीला तुमची, असं विरोधक तेव्हाच म्हणत होते, आणि अभ्यासक आजही यावर वाद घालतात. १ मार्चला सनद.

आणि ३ मार्चला लिंकननं एक निवेदन नोंदवलं. जानेवारीत विधानसभेनं गुलामगिरीविरोधी चळवळीचा निषेध करणारे ठराव ७७ विरुद्ध ६ मतांनी मंजूर केले होते. त्या सहांत लिंकन होता. आता त्यानं आणि डॅन स्टोन या सहकाऱ्यानं लेखी नोंद केली, की गुलामगिरीची प्रथा अन्याय आणि वाईट धोरण या दोन्हींवर उभी आहे. त्याच निवेदनात असंही आहे, की चळवळीच्या प्रचारानं ही वाईट गोष्ट कमी होण्याऐवजी वाढते. राजधानीचं मतदान पार पडेपर्यंत त्याने थांबणं हा हिशेब होता, असं मला वाटतं, कारण राजधानीसाठी त्याला विरोधकांची मतं हवी होती. पण अठ्ठावीस वर्षांचा, कर्जबाजारी, दोनच दिवसांपूर्वी सनद मिळालेला माणूस फक्त एका सोबत्याला घेऊन ही सही करतो, त्याचंही मोल मला कमी वाटत नाही.

रेल्वेचं पुढे वाईट झालं. त्याच वर्षी देशभर बँका बसल्या, कामं अर्धवट राहिली आणि राज्य इतकं कर्जात गेलं, की १८४० नंतर व्याजही भरता येईना. ज्याच्या स्वतःच्या चिठ्ठ्या बुडाल्या होत्या, त्यानं राज्यालाही उधारीवर उभं करायला हात लावला होता. ही त्याची मोठी चूक होती.

१५ एप्रिल १८३७ ला तो उसन्या घोड्यावरून स्प्रिंगफील्डला आला. जोशुआ स्पीडच्या दुकानात एका माणसाच्या बिछान्याचा भाव विचारला. गादी, उशी, पांघरूण मिळून सतरा डॉलर. त्यानं नाताळपर्यंत उधार मागितलं आणि वकिली जमली नाही तर हे कधीच फेडता येणार नाही, असंही सांगून टाकलं. स्पीड म्हणाला, वर माझा मोठा पलंग आहे, तिथेच राहा. लिंकन खोगिराच्या पिशव्या घेऊन जिना चढला, त्या ठेवून खाली आला आणि म्हणाला, ‘झालं स्पीड, मी राहायला आलो.’

स्टुअर्टबरोबर भागीदारी सुरू झाली. फी पाच डॉलर, दहा डॉलर. त्यांच्या वहीत एका पक्षकाराच्या पन्नास डॉलरपैकी पंधरा ‘कोट’ म्हणून जमा आहेत. रोकड नाही, तर अंगावरचं कापड. स्टुअर्ट संसदेवर निवडून वॉशिंग्टनला गेला तेव्हा लिंकननं वहीत लिहिलं, ‘लिंकनच्या कारभाराला सुरुवात, १८३९, २ नोव्हेंबर.’ १८४१ पासून तो स्टीफन लोगनचा भागीदार झाला आणि तिथे कायद्याची खरी शिस्त लागली. तेव्हाच्या इंग्रजी पद्धतीच्या कायद्यात प्रत्येक तक्रारीसाठी दाव्याचा ठरलेला साचा असायचा. चिठ्ठीचे पैसे हवेत तर एक साचा, कोणी घोडा अडकवून ठेवला असेल तर दुसरा. साचा चुकला की बाजू खरी असूनही दावा फेटाळला जायचा. लोगन या बाबतीत काटेकोर होता.

पण वकील आणि पुढारी ही दोन कामं एका माणसात का मिसळतात, हे कळायचं तर फिरतं कोर्ट बघायला हवं. न्यायाधीश एकच आणि परगणे पुष्कळ, त्यामुळे कोर्टच गावोगाव जायचं. लिंकनच्या आठव्या सर्किटमध्ये एका टप्प्यावर १४ परगणे होते. चारशे मैलांहून लांब फेरी, वसंतात एकदा, शरदात एकदा, दरवेळी दोन-अडीच महिने. न्यायाधीश आणि वकील घोड्यावर किंवा बग्गीतून सोबतच निघायचे. खानावळीत एका पलंगावर दोघं झोपायचे. पुढल्या गावी गेलं, की तिथला वकील नुकतंच आलेलं प्रकरण लिंकनच्या हातात द्यायचा, आणि तासाभरात तो ज्युरीसमोर उभा.

कोर्टाचा आठवडा म्हणजे त्या गावची जत्रा. भोवतालचे शेतकरी गाडीभर कुटुंब घेऊन येत. करमणुकीचं दुसरं साधन नाही, त्यामुळे दिवसा खटले ऐकायचे आणि संध्याकाळी त्याच वकिलांची राजकीय भाषणं. ज्युरीतले बाराजण म्हणजे बारा मतदार. त्यांना समजेल, पटेल आणि घरी जाऊन सांगता येईल असं बोलायची तालीम लिंकनला इथे मिळाली. १८४८ नंतर डेव्हिड डेव्हिस हा या सर्किटचा न्यायाधीश झाला. १८६० साली रिपब्लिकन पक्षाच्या शिकागोच्या अधिवेशनात लिंकनच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी मतं जमवणारा मुख्य माणूस हाच.

आता दोन खटले. लिंकनच्या थोरवीवर प्रेम करणाऱ्यानं दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचावेत.

पहिला १८४१ चा, बेली विरुद्ध क्रॉमवेल. वाद हातचिठ्ठीचा. बेलीनं नॅन्स नावाच्या कृष्णवर्णीय तरुणीसाठी चिठ्ठी लिहून दिली होती आणि ती करारबद्ध गुलाम असल्याचा कागद नंतर मिळेल, असं ठरलं होतं. कागद आलाच नाही. पैशाचा दावा लागला. लिंकननं बेलीच्या वतीनं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात मांडलं, की इलिनॉयमध्ये माणूस रंग कोणताही असला तरी स्वतंत्रच धरला जातो, उलट सिद्ध करायचं ओझं विकणाऱ्यावर आहे, आणि स्वतंत्र माणसाची विक्री बेकायदा, म्हणून चिठ्ठी रद्द. न्यायालयानं ते मानलं. नॅन्स मोकळी झाली.

दुसरा ऑक्टोबर १८४७ चा. रॉबर्ट मॅटसन हा केंटकीचा जमीनदार. इलिनॉयमध्ये त्याची शेती होती. तिथे तो केंटकीहून गुलाम आणायचा आणि हंगामानंतर परत न्यायचा. जेन ब्रायंट आणि तिची मुलं मात्र दोनेक वर्षं तिथेच राहिली. आता आपल्याला दक्षिणेत विकणार, अशी धास्ती बसल्यावर ती पळाली. गिडियन ॲशमोर या खानावळवाल्यानं आणि हायरम रदरफर्ड या डॉक्टरनं त्यांना आसरा दिला. मॅटसननं कोर्टात धाव घेतली आणि त्याच्या बाजूनं उभा राहिला अब्राहम लिंकन. प्रश्न पुन्हा जमीन-कब्ज्याच्याच जातीचा होता: ही माणसं इलिनॉयमध्ये वाटेवर होती, की वस्तीला होती? वाटेवर असतील तर मालकाचा हक्क शाबूत, वस्तीला असतील तर ती स्वतंत्र. लिंकन हरला. न्यायाधीशांनी जेन आणि तिच्या मुलांना मुक्त केलं.

वकिलानं समोर येणारा पक्षकार घ्यायचा असतो, हे स्पष्टीकरण अनेक जण देतात. तेव्हाच्या धंद्याचा रिवाज तसा होताही. मला ते पुरेसं वाटत नाही. अन्यायाची लेखी नोंद करून दहा वर्षं झालेला माणूस आई आणि तिच्या मुलांना परत गुलामगिरीत पाठवायला युक्तिवाद करतो, तेव्हा त्याला उत्तर द्यावंच लागतं, आणि लिंकननं ते कधी लिहून ठेवलं नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी निःस्वार्थपणे झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. ती अर्पणपत्रिका वाचली, की मला आधी तो खानावळवाला आणि तो डॉक्टर आठवतात.

त्याच महिन्यात लिंकन संसदेच्या सभागृहात बसायला वॉशिंग्टनला निघाला. लिंकनच्या व्हिग पक्षाच्या तिघा इच्छुकांनी ती जागा जणू पाळीपाळीनं घेतली होती. हार्डिन, मग बेकर, मग लिंकन. १८४६ च्या निवडणुकीत त्यानं पीटर कार्टराइट या प्रसिद्ध फिरत्या धर्मोपदेशकाला हरवलं. तो वॉशिंग्टनला पोचला तेव्हा मेक्सिकोशी युद्ध सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं. राष्ट्राध्यक्ष पोक यांचं म्हणणं होतं, की मेक्सिकोनं अमेरिकन भूमीवर अमेरिकन रक्त सांडलं.

२२ डिसेंबर १८४७ ला लिंकननं आठ ठराव मांडले. ते वाचताना मला थेट दिवाणी कोर्ट दिसतं. रक्त सांडलं ती जागा नेमकी कोणती? ती आधी कोणाच्या ताब्यात होती? तिथल्या लोकांनी कधी टेक्सासचा किंवा अमेरिकेचा अंमल मानला होता का? त्यांनी इथला कर भरला, मत दिलं, ज्युरीत बसले, त्यांच्यावर इथलं समन्स बजावलं गेलं, असं कधी झालं का? म्हणजे मालकी सांगता, तर वहिवाट दाखवा. केंटकीत हद्दीच्या भांडणात बापाला जमीन गमावताना पाहिलेला, साखळी ओढलेला माणूस देशाच्या राष्ट्राध्यक्षाला मोजणीदाराचा प्रश्न विचारत होता.

उत्तर आलं नाही. सभागृहानं ठराव कामकाजात घेतलेच नाहीत. घरी इलिनॉयमध्ये युद्धाला लोकांचा पाठिंबा होता. विरोधकांनी त्याला ‘डागाळलेला लिंकन’ म्हणायला सुरुवात केली. इंग्रजीत ‘स्पॉट’ म्हणजे जागाही आणि डागही. १८४८ साली त्याच मतदारसंघात व्हिग पक्षानं त्याचा जुना भागीदार लोगन याला उभं केलं. तो हरला.

मुदत संपल्यावर लिंकननं एक नेमणूक मनापासून मागितली: जनरल लँड ऑफिसचं आयुक्तपद, म्हणजे देशभरच्या सरकारी जमिनीची मोजणी आणि विक्री पाहणारं खातं. ती दुसऱ्याला गेली. ओरेगॉनचं गव्हर्नरपद देऊ केलं, ते त्यानं नाकारलं. याच सुमारास, २२ मे १८४९ ला, त्याला ६४६९ क्रमांकाचं पेटंट मिळालं. उथळ पाण्यात अडकलेली बोट हवेच्या पिशव्या फुगवून उचलायची युक्ती. न्यू सेलमच्या बंधाऱ्यावर अडकलेल्या त्या तराफ्याला तेव्हा अठरा वर्षं झाली होती. तशी बोट कधी कोणी बांधली नाही.

चाळिशीतला लिंकन स्प्रिंगफील्डला परतला आणि शरद ऋतूचं कोर्ट सुरू होताच पुन्हा सर्किटवर निघाला. वाटेवरच्या गावांत हातचिठ्ठ्यांचे दावे त्याची वाट पाहत होते.